शिरढोणची आठ माणसं आणि माझी बास

आधी हातातले कप खाली ठेवा. मध्येच ठसका लागला, शर्टावर चहा सांडला, तर मी जबाबदार नाही. माझं लग्न कसं मोडता मोडता राहिलं ते सांगतोय, आणि दोष कुणाचा म्हणाल तर एका गिटारीचा. बरं, गिटारीचा तरी कसा म्हणू? माझ्या जिभेचाच!

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पनवेलला राहायचो, तळोज्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. बास म्हणजे कुठली? स्टेजवर मागे, ड्रमच्या शेजारी एक माणूस तोंड पाडून उभा असतो ना, त्याच्या गळ्यात असते ती. लोक गायकाला हार घालतात, कीबोर्डवाल्याला टाळ्या देतात आणि आम्हाला विचारतात, "तुम्ही लायटिंगवाले का?"

साध्या बासला चार तारा असतात. माझ्या बासला आठ! माझा शाळेपासूनचा मित्र इक्बाल, त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, त्याचा मोठा भाऊ दुबईला होता. तिथल्या हॉटेलात वाजवणारा कुणी फिलिपिनो मायदेशी परतताना ती विकून गेला, आणि भाईजाननी ती 'आपल्या मिलिंदसाठी' म्हणून उचलून आणली. प्रत्येक जाड तारेला चिकटून एक बारीक तार. दोन्ही एकदम दाबायच्या, एकदम छेडायच्या. जाड तार खाली घुमते, बारीक तोच सूर वरून गाते. बोटांची सालं निघायची, पण आवाज! ढोल आणि घंटा एकाच माणसाने एकाच हाताने वाजवावी तसा. अख्ख्या रायगड जिल्ह्यात अशी दुसरी नव्हती. निदान मी तरी तसं सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आई तिला 'ते धूड' म्हणायची.

तर मला शिरढोणचं स्थळ आलं. मुलगी सुनंदा, बालवाडीत शिकवायची. तिच्या वडिलांना गावात सगळे दादा म्हणत. भातशेती, मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि एका कानाने जरा कमी ऐकू यायचं. ही शेवटची गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती.

आम्ही बघायला गेलो. आई आत बायकांत जाऊन बसली. मी ओटीवर, दादांच्या समोर, हातात पोह्यांची बशी. मागे विहिरीवरचा पंप धडधडत होता.

"नोकरी हाय, त्ये आमाला कललं," दादा म्हणाले. "पन सोताचं असं काय हाय का?"

आता हा प्रश्न घरादाराचा होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, छंदाविषयी विचारतायत. मी छाती फुगवून म्हणालो, "आहे ना! एट-स्ट्रिंग बास आहे!"

दादांना ऐकू आलं, 'एट-सीटर बस'.

हसू नका हो! पनवेलमध्ये तेव्हा सहा-सहा माणसं कोंबणाऱ्या सिक्स-सीटर रिक्षा धावत होत्या. जावयाकडे एट-सीटर आहे म्हटल्यावर दादांच्या मिशा कानापर्यंत गेल्या.

"सोताची?"

"स्वतःची! दुबईहून आलीय."

"दुबई!" दादा खुर्चीत पुढे सरकले. "रोज काढता?"

"कामावरून आल्यावर तासभर. लग्नसराईत मात्र एक संध्याकाळ घरी नसते."

"मागनी असंल."

"प्रचंड!"

"आन आठ म्हंजे बसवता कशी?"

मला माणूस एकदम आवडला. इतक्या बारकाईने मला आजवर कुणी विचारलं नव्हतं! ऑर्केस्ट्रातल्या लोकांनीसुद्धा नाही! मी बशी खाली ठेवली आणि हातवारे करून समजावलं, "जोड्या असतात, दादा. चार जोड्या. एक जाड, शेजारी एक बारीक. परत एक जाड, शेजारी एक बारीक."

दादांनी कौतुकाने मान हलवली. "म्हंजे एका अंगाला कलत नाय."

"तोल छान राहतो."

"आन सगली जाडच आली तं?"

"छे! नाही चालणार. मान मोडेल."

दादा जरा दचकले. मग म्हणाले, "आवाज लय करते का?"

"आवाजासाठीच तर घेतली! शेजारी तक्रार करतात, पण मी कुणाला जुमानत नाही."

एवढ्यात सुनंदा चहा घेऊन आली. चेहरा पांढराफटक. तरी बशीत सांडलेला चहा तिने पदराने टिपला, मगच कप माझ्या हातात दिला. त्या एवढ्याशा गोष्टीने मी खल्लास! ती लाजून पांढरी पडली असं मला वाटलं. लाजून लोक लाल होतात हे तेव्हा सुचायला नको?

तिकडून होकार आला. मी आठवडाभर हवेत. मग शनिवारी संध्याकाळी खालच्या जोशीकाकूंच्या घरी माझ्यासाठी फोन आला. शिरढोणच्या एका दुकानातून दादा बोलत होते, आणि मधल्या तारेवर कुणीतरी बोंबील तळत असावं अशी खरखर.

"उद्या सकाली तुमची ती घेऊन या! आठी जन तयार ऱ्हातील. आत्याबाय तं हट्टच धरून बसलीय, म्हनते, जावयाचीच..." खर्रर्र. "...मंग इतूनच तुमचं घर बगायला येतो."

आत्याबाई म्हणजे दादांची थोरली बहीण. गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढता येत नाही, पण घरात शेवटचा शब्द तिचा. तिने माझं घर बघितलं, पसंत केलं, की तारीख धरायची असं ठरलं होतं. आणि ती हट्ट धरून बसलीय माझी बास ऐकायला! माझे डोळे भरून आले हो!

"आणतो, दादा!" मी ओरडलो. "फक्त तिथे लाइट आहे ना?"

"दिवसा लाईट कशाला?"

"अहो, विजेशिवाय चालत नाही ती!"

"इजेवर चालते?" दादांचा आवाज चिरकला, आणि फोन कट झाला.

इक्बालला सांगितलं तर त्याने हातातली मंडपाची दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, "मिलिंद, बेस ऐकायला कुणी खुद बोलावलंय, हे मी जिंदगीत पहिल्यांदा ऐकतोय. टेम्पो माझा. पैसे-बिसे काही बोलू नको."

रविवारी सकाळी त्याच्या टेम्पोत अॅम्प्लिफायर चढवला. आदल्या दिवशीच्या लग्नातल्या लोखंडी खुर्च्या आणि नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या अजून आतच होत्या, त्या तशाच राहू दिल्या. आईने पुरण शिजत घातलं होतं. ती गॅलरीतून ओरडली, "सगळ्यांना नीट घेऊन ये! आणि ते धूड फार वेळ वाजवू नकोस!"

शिरढोणला पोचलो आणि बघतो तर काय! अंगणात रांगोळी. रांगोळीच्या मागे आठ माणसं ओळीने उभी. पुरुषांच्या टोप्या कडक, बायकांचे गजरे ताजे. मधोमध स्टुलावर आत्याबाई, नवंकोरं हिरवं लुगडं, मांडीवर आरतीचं ताट. ताटात नारळ, हळदकुंकू, लिंबू-मिरच्या आणि झेंडूचा हा एवढा हार!

मी मनात म्हटलं, कलेची कदर बघायची तर शिरढोणला यावं. कव्हरातली बास खांद्याला अडकवून मी टेम्पोतून उतरलो आणि हारासाठी मान वाकवली.

दादा माझ्या बाजूने पुढे गेले. टेम्पोच्या मागे वाकून त्यांनी रस्ता बघितला. मग परत आले.

"गाडी?"

"कुठली गाडी?"

"तुमची! आठ शिटांची. जिला इजेवर चालवता ती!"

मला वाटलं, गावाकडची थट्टा असेल. मी मोठ्याने हसलो, बासचं कव्हर सर्रकन उघडलं आणि ती दोन्ही हातांनी वर धरली. "ही काय!"

रांगेतल्या सगळ्या माना एकदम पुढे आल्या.

आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून नीट निरखलं. मग शांतपणे विचारलं, "दादा, ह्याच्यात बसायचं कुटं?"

मागून इक्बालचा आवाज आला, "या खुदा! मिलिंद, तू यांना 'बास' बोललास? अरे किती वेळा सांगितलं तुला, 'बेस' बोलतात, 'बेस'!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बास. बस. स्ट्रिंग. सीटर. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

दादांचा चेहरा काळवंडला होता. "गाडी हाय म्हनून सांगितलंत. आमी गावभर सांगितलं. आमच्या पोरीला फसवाया आलाव?"

रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "आदीच मला वाटलं व्हतं." दारात सुनंदा उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. तिकडे आई पुरण वाटत बसली असेल. सगळं संपलंच होतं.

"नाही हो, दादा!" माझा आवाज रडवेला झाला. "मी एक शब्द खोटं बोललो नाही. हे बघा. एक जाड, एक बारीक. एक जाड, एक बारीक. तारा आहेत या!"

दादांनी वाकून तारा मोजल्या. आठ भरल्या.

"आन मान कुनाची मोडनार व्हती?"

"हिची. हा लाकडी दांडा आहे ना, त्याला मान म्हणतात."

दादा त्या मानेकडे बघत राहिले. बघता बघता त्यांची मिशी हलायला लागली. आधी डावीकडून, मग उजवीकडून. आणि माणूस खाली बसून असा हसायला लागला की टोपी रांगोळीत पडली.

"आरं देवा! आन मी रातभर झोपलो नाय!" ते डोळे पुसत म्हणाले. "म्हटलं, इजेवर चालनारी बस, पनवेल ते शिरढोन! वायर किती लांब आसंल!"

मग काय, सगळं अंगणच हसायला लागलं. मी पण हसलो. खरं सांगू, मी अर्धा रडत होतो. छातीवरून रोडरोलर उतरल्यासारखं वाटलं.

फक्त आत्याबाई हसल्या नाहीत. "झालं का दात काढून? मी नवं लुगडं नेसलेय. मी आता घरात परत जानार नाय!"

इक्बालने टेम्पोचं फळकं खाली पाडलं. "आत्याबाई, तुम्हाला आत का जायचं? ही बघा, नवरीची खुर्ची!"

हार टेम्पोला गेला, नारळ टेम्पोपुढे फुटला. चौघांनी मिळून आत्याबाईंना उचलून लाल मखमलीवर बसवलं. बाकीच्यांनी लोखंडी खुर्च्या धरल्या. माझा अॅम्प्लिफायर जागा करायला ओटीवर काढून ठेवला.

तेवढ्यात सुनंदा जवळ आली. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "खरंच तुमच्याकडे बस नाही?"

"नाही," मी खालमानेने म्हणालो.

"शपथ?"

"शपथ."

तिचा चेहरा असा फुलला म्हणता! "अहो, मला गाडी लागते! शिरढोणहून पनवेल येईपर्यंत माझे हाल हाल होतात. त्यात आता जन्मभर बसवाल्याच्या घरी जायचं! दादांना नाही म्हणायचं धाडस होईना. मी तर रोज देवाला सांगत होते, त्यांची बस एकदाची मोडू दे."

मला उडी मारावीशी वाटली. आठवडाभर जिचा चेहरा आठवत होतो ती मुलगी मला नाही, बसला घाबरली होती!

"आता आणलीच आहे," ती हळूच म्हणाली, "तर थोडं वाजवून दाखवा ना."

कोण नाही म्हणेल? ओटीवरच्या प्लगात वायर खोचली, आवाज वाढवला आणि आठही तारांवर हात टाकला. घुऽऽम! फळीवरची पातेली गुणगुणायला लागली. जमीन थरथरली. सुनंदा खांबाला टेकून माझ्याकडे एकटक बघत होती. हळूहळू तिची पापणी लवायची थांबली. तिने तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, बघ मिलिंद, याला म्हणतात कला! पोरगी विरघळली! मी आणखी खालचा सूर धरला, आणखी लांबवला, डोळे मिटून डोलायला लागलो.

डोळे उघडले तर सुनंदा नाही. घराच्या मागून आवाज येत होता. आणि तो विरघळलेल्या मुलीचा आवाज नव्हता.

टेम्पोतून, लाल मखमलीवरून, आत्याबाई कडाडल्या, "बंद कर रं त्ये! पोरीला लागलं त्ये!"

तारीख त्याच दिवशी, आईच्या पुरणपोळ्या खाताना ठरली. लग्न झालं, मुलं झाली, आता ती मोठी झाली. बस मी आजतागायत घेतली नाही. बास मात्र अजून वाजवतो. मी कव्हर उघडायचा अवकाश, बायको काही बोलत नाही. मुकाट्याने एक लिंबू हातात घेते आणि खिडकीपाशी जाऊन बसते.