वर केलेला हात

"हस. कॅमेरा आहे."

प्रमोटर माझ्या कानाशी म्हणाला. माझ्या तोंडात रक्त होतं. ओठ उघडले असते तर ते दिसलं असतं, म्हणून मी मिटल्या ओठांनीच हसले.

रिंगच्या मधोमध रेफरी उभा होता. त्याच्या एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात रेश्माचं. निकाल वाचून व्हायच्या आधीच रेश्माचा हात आपसूक वर निघाला होता. रेफरीने तो खाली दाबला. आणि माझा वर केला. माझा हात वर जात नव्हता, कारण बरगड्यांवर रेश्माचे ठोसे बसले होते. त्याने तो ओढून नेला. पोत्याची कड धरून पोतं उचलावं तसा.

मालवणच्या मैदानात शिट्ट्या वाजल्या. फटाके लागले.

मी हरले होते. मधल्या एका राउंडला रेश्माच्या उजव्या ठोशाने मी खाली बसले, तेव्हा रेफरी म्हणाला होता, पाय घसरला. चटई कोरडी होती. मला माहीत होतं, रेश्माला माहीत होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या बायकासुद्धा टाळ्या वाजवताना एकमेकींकडे बघत होत्या.

मग माइक आला. मला बोलता येत नाही. चार माणसांत नाव विचारलं तरी माझे कान तापतात. पण इंग्रजी वाक्य पाठ असलं की ते जणू दुसरंच कुणी बोलतं. शाळेत सकाळच्या प्रार्थनेनंतर विचार वाचून दाखवायचे तसं. प्रमोटरने वाक्य दोन दिवस आधीच दिलं होतं. मी ते इंग्रजीत म्हटलं : लढत अटीतटीची झाली, पण जिंकण्याइतकं मी केलं असं मला वाटतं.

मला तसं वाटत नव्हतं.

रेश्मा आंबोलीची. तिची आई घाटात चहा आणि भाजलेल्या कणसांची टपरी चालवते. आम्ही दोघी कुडाळच्या एकाच बॉक्सिंग हॉलमध्ये शिकलो. माझे बाबा मला स्कूटरवरून सोडायचे. ती पहाटेची एसटी पकडून यायची आणि माझ्या आधी पोचलेली असायची. सरावात तिने मला नेहमीच हरवलं. हरवून झालं की माझे ग्लोव्ह्ज सोडवत चिडवायची, "इंग्लिश बाय, सॉरी म्हण आता त्या बरगडीक." ठोसा येण्याआधी खांदा कसा हलतो, ते मला तिने शिकवलं. सरांनी नाही.

प्रमोटर मुंबईहून आमच्या हॉलवर आला तेव्हा करार त्याने दोघींपुढे ठेवला. तो इंग्रजीत होता. मी वाचला. निम्मा कळला नाही, पण विचारायची लाज वाटली. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलीला इंग्रजी कळत नाही, हे कसं सांगायचं? रेश्माला ती लाज नव्हती. तिने सरळ विचारलं, "जज कोणाचे?"

"संघटनेचे असतात गं. किताब संघटना देते, क्रमवारी संघटना लावते, जज तेच पाठवतात. आपला काय संबंध?"

"त्यांका जेवण कोण घालता?"

सगळे हसले. प्रमोटरही हसला. कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली. रेश्माने केली नाही.

महिन्याभरात संघटनेच्या क्रमवारीत मी तिच्या वर गेले. मी तिला एकदाही हरवलं नव्हतं. त्या महिन्यात मी एकही लढत खेळले नव्हते. रेश्माने क्रमवारी मोबाईलवर बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चढलंस गो!" मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिले. ती आधीच बांधलेली होती.

त्या दिवशी बोलायला हवं होतं. माझं पहिलं पाप ते. जजांचं नव्हे, माझं.

लढत झाल्यावर कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. माझी बोटं सुजली होती, ग्लोव्ह्जखाली हाताला गुंडाळलेली पट्टी सुटत नव्हती. रेश्मा आली. कात्री घेतली आणि मनगटाची पट्टी कापायला लागली. रोजच्यासारखी.

"तुका खंय लागला काय गो?"

मी मान हलवली. ती कापत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "माइकवर तू काय बोल्लंस ता माका कळाक नाय. इंग्लिशीत होता. पण बोलताना तू माझ्याकडे बघूक नाय. ता कळला."

कात्री बाकावर ठेवली आणि गेली. तिची पट्टी मी कापायला हवी होती. ती तशीच, पट्ट्या बांधल्या हातांनी एसटी स्टँडवर गेली.

संध्याकाळी देवबागला जेवण होतं. एकीकडे खाडी, एकीकडे समुद्र, मध्ये रिसॉर्टची हिरवळ. लांब टेबल. प्रमोटर, संघटनेचा पर्यवेक्षक, तिन्ही जज. त्यांच्या खोल्या तिथेच होत्या, प्रमोटरनेच दिलेल्या. सकाळी त्यांना बोटीतून डॉल्फिन दाखवून आणले होते. एक जज म्हणत होता, इथली सोलकढी बेष्ट आहे. रेश्माचा प्रश्न माझ्या समोर ताटात वाढला होता.

पर्यवेक्षकाने माझ्याकडे बोट केलं आणि इंग्रजीत प्रमोटरला विचारलं, ठोसा हिचा मऊच आहे, नाही का?

प्रमोटर म्हणाला, हिने मारायची गरज नाही. हिने बोलायचं. दिसायला बरी, चांगल्या घरची, इंग्रजी स्वच्छ. त्या दुसरीला कॅमेऱ्यापुढे उभी करणार कोण? तिच्यावर पैसे कोण लावणार?

सगळे हसले. मी समोर बसले होते. मालवणच्या बंदरावर लिलावात पापलेट शेपटीला धरून उचलतात, उलटसुलट करून बघतात, तसं बोलत होते. पापलेटाला भाषा कळत नाही. मला कळत होती. इतकी वर्षं बाबांनी फी भरली, त्या इंग्रजीचा मला झालेला पहिला खरा उपयोग हा. माझा अपमान मला शब्दन् शब्द समजला.

आणि मी उठले नाही. सुरमई खाल्ली. थँक यू म्हटलं. बोलण्यासाठीच मला निवडलं होतं, आणि मी गप्प होते.

कागदी पुरावा माझ्याकडे नाही. कुणी कुणाला पाकीट दिलेलं मी बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आणि मी गावी पोचलो. फाट्यावर माझा बॅनर. माझ्या डोक्यापेक्षा मोठे माझे हात, खाली 'विजेतीचे हार्दिक अभिनंदन'. बाबा खूश. देवळाचे मानकरी तातू रस्त्यावरच भेटले. सत्तरी उलटलेले, बोलायला मोकळे.

बाबांनी विचारलं, "तातू, इतक्यात छापून लावल्यात पण?"

"छापलो खंय? तुमच्या प्रमोटरान धाडलेलो, परवाच इलो. उन्हान रंग जाता म्हणान देवळात गुंडाळून ठेवलेलो."

परवा. लढत काल झाली होती.

तातूंना त्यात काही वावगं वाटलं नाही. शहरातली माणसं, सगळं वेळेवर करतात. बाबा मात्र हसायचे थांबले. माझ्याकडे बघितलं. मी बॅनरकडे बघत राहिले. मी रिंगमध्ये पाय ठेवायच्या आधी माझा विजय आमच्याच देवळात गुंडाळी होऊन पडला होता. मग मी तिथे मार कशाला खाल्ला? रेश्माने कशाला मारलं?

दुपारी देवळात गाऱ्हाणं होतं. आमच्याकडे काही मिळालं, काही बिघडलं, की ते देवाच्या कानावर घालतात. मानकरी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याने पुढे हात जोडून उभं राहायचं आणि त्यानेही म्हणायचं. प्रमोटर कॅमेरावाला घेऊन आला होता. असलं गावचं काहीतरी त्याला व्हिडिओत हवंच होतं. लढतीत मिळालेला किताबाचा बेल्ट देवापुढे ठेवला होता. त्याच्यावर अबोलीची वेणी.

तातूंनी सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या चेडवान गावाचा नाव केल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"आपल्या हातांच्या बळान ह्यो पट्टो जिंकून हाडल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

देऊळ घुमलं. बाबांचा आवाज त्यात नव्हता. माझाही नव्हता. तातूंचं लक्ष गेलं. त्यांना वाटलं मी लाजले. ते पुन्हा म्हणाले, माझ्याकडे बघत, "हातांच्या बळान जिंकून हाडल्यान..."

प्रमोटर दबक्या आवाजात म्हणाला, "बोल ना. व्हय म्हाराजा. गोड वाटेल."

हस. बोल. गोड वाटेल.

माझे कान तापले. ह्या खेपेला पाठ केलेलं काही नव्हतं.

"तातू, थांबा," मी म्हटलं. "मी जिंकूक नाय."

"काय गो बाय?"

"रेश्मान माका मारल्यान. सगळ्यांनी बघितला. मी हरलंय. पट्टो तिचो आसा. तुमच्याकडे बॅनर परवा इलो, मॅच काल झाली."

घरात मी मालवणीत बोलते. चारचौघांत कधीच नाही. आवाज माझाच होता, फुटलेला, पण माझा.

"कट कर, कट कर," प्रमोटर कॅमेरावाल्याला म्हणाला. मग मला, गोड आवाजात, "थकली आहेस तू. आपण बाहेर बोलू."

मी हलले नाही. बायकांत कुणीतरी म्हणालं, "खुळी काय ही? घरात इल्ली लक्ष्मी..." तातूंनी हात वर करून तिला गप्प केलं. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कौतुक नव्हतं.

"देवापुढे बोल्लंस तू. आता मागे घेवक येवचा नाय. समाजलंस मा?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. एकटीच.

त्यानंतर काय झालं? बरं काही झालं नाही. संघटनेने कळवलं, निकाल कायम आहे, जजांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. प्रमोटरने कराराची आठवण करून दिली. तो सोडत नाही तोवर मी दुसऱ्या कुणासाठी लढू शकत नाही, आणि तो मला लढवणार नाही. फाट्यावरचा बॅनर कुणी काढला नाही. वाऱ्याने एका बाजूने सुटला आहे. येताजाता मला माझाच अर्धा चेहरा दिसतो.

बेल्ट घेऊन मी आंबोलीला गेले. रेश्मा टपरीवर कणसं भाजत होती. बेल्टकडे तिने बघितलंही नाही.

"ह्यो लोखंडाचो तुकडो घेवन काय करू? कणसां भाजू?"

"तुझो आसा तो."

"माका पट्टो नको. माका तू व्हयी. रिंगात. आणि जज आपल्या घरचा जेवन इल्ले." मग कणीस उलटत म्हणाली, "तोपर्यंत माका मैतरीण म्हणा नको."

मी म्हटलं नाही. पहाटे हॉलवर जाते. ती एका कोपऱ्यात, मी दुसऱ्या. अजून ती माझी पट्टी बांधत नाही. माझी मी बांधते.

संघटनेची तक्रारी ऐकणारी चौकशी समिती आहे, तिच्यापुढे मी उभी राहणार आहे. त्यांनी बोलावलेलं नाही. तरी जाणार आहे, आणि दार उघडेपर्यंत दाराशी उभी राहणार आहे. जे इथे लिहिलं ते तिथे इंग्रजीत सांगेन, म्हणजे कळलं नाही असं त्यांना म्हणता येणार नाही. मग मालवणीत सांगेन, म्हणजे आंबोलीला कळेल. रेश्मा आली, तर सांगताना तिच्याकडे बघून सांगेन. माझ्या पराभवाची नोंद होईपर्यंत सांगत राहीन.

आणि यापुढे माझं मनगट कुणी धरलं, तर मी आधी विचारणार : तू जेवलास कुणाकडे?