न मोडलेली घडी

कडकबाई आठ वर्षांची असताना, आईबाप गेल्यावर, तिनं दाराआडून एक भांडण ऐकलं होतं. काका म्हणे, तुझं घर मोठं, तू ने. मामा म्हणे, तुझी बायको घरीच असते, तू ने. पोर कुणाला हवी हा वाद नव्हता, कुणाच्या गळ्यात पडते हा होता. तिला कुणी विचारलंच नाही.

पुढे तिनं इस्त्रीचं दुकान थाटलं, नवरा गेल्यावरही एकटीनं रेटलं आणि कडक इस्त्रीमुळे हे नाव कमावलं. कानातलं भांडण मात्र गेलं नाही. म्हणून पन्नाशीत सरकारी कागदांवर वेडीवाकडी सही करून तिनं सहा वर्षांची अनाथ म्हणून सांगितलेली पोर सांभाळायला आणली. पोर गिऱ्हाइकांच्या शर्टांची बटणं चघळायची, म्हणून तिचं नाव बटण.

दोन वर्षांनी बटणचा बाप उगवला आणि त्यानं कोर्टात पोर मागितली. कोर्ट म्हणालं, आधी शनिवार-रविवार नेऊन बघा.

पहिल्या शनिवारी कडकबाईनं चार फ्रॉक इस्त्री करून पिशवीत दिले. सोमवारी तिनं पिशवी उघडली. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. पोरीच्या अंगावर शनिवारचाच फ्रॉक. विचारलं तर पोर फ्रॉकचं बटण चघळू लागली.

पुढचा सोमवारही तसाच. कोर्टानं केस पाहायला नेमलेल्या बाईंनी मात्र अहवालात लिहिलं, ‘मुलगी आनंदात, रोज धुतलेले कपडे.’ त्यांनी बापाला फोनवर विचारलं होतं म्हणे.

कोर्टातला कारकून भला होता. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही या खटल्यात कुणी नाही, आपणहून बोलता येणार नाही. पण लिहून देता येतं. मत लिहू नका. पाहिलं तेवढंच, तारखेसकट.” तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं. तिसऱ्या सोमवारची पिशवी तिनं शाळेतल्या बाईंसमोर उघडली आणि अर्जावर त्यांची सही घेतली.

तारखेला न्यायाधीशबाईंनी अर्ज वाचून तिला पुढे बोलावलं. बाप म्हणाला, कपडे आम्हीच धुऊन इस्त्री केले.

“बाईसाहेब, घडी माझी आहे,” कडकबाई म्हणाली. “मी बाह्या आत घेते. वेळ जातो, म्हणून दुसरं कुणी घेत नाही.”

न्यायाधीशबाईंनी बापाला एक फ्रॉक घडी करायला लावला. त्यानं टॉवेलासारखा गुंडाळला.

मग त्यांनी बटणला आतल्या खोलीत नेलं आणि कडकबाईला दाराशी बसू दिलं. पोर हळूच बोलू लागली.

“फ्रॉक काढायचे नसतात. नवी आई आली की बाबा सांगतात, ही इस्त्रीवालीची पोर, कपडे द्यायला आलीय. मग मी पिशवी घेऊन जिन्यात बसते.”

“आणि रात्री?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“जिन्यातच.”

तापलेली इस्त्री कुणी तळहातावर टेकवली आणि उचलायलाच विसरलं, असं कडकबाईला झालं. तीन आठवडे ती स्वतःच्या हातानं ती पिशवी भरून देत होती.

बाहेर येऊन न्यायाधीशबाईंनी खटल्याचे कागद चाळले आणि बापाला एवढंच विचारलं, पोर हवी की तिच्या आईनं मरताना तिच्या नावावर केलेली खोली? त्यानं समोरचे खोलीचे कागद आधी गोळा केले. भेटी बंद झाल्या. पुढची तारीख लागेपर्यंत बटण कडकबाईकडेच राहणार होती. त्यापुढचं त्या दिवशी कुणीच सांगू शकलं नाही.

कोर्टातून निघाल्या तेव्हा दातांच्या डॉक्टरांचे पांढरे कोट पोचवायचे राहिले होते. दुकान उघडून गठ्ठा घेतला आणि दोघी चालत दवाखान्यात गेल्या. कडकबाईनं कोट एकेक करून मोजून दिले.

“आज उशीर?” कंपाउंडरनं विचारलं.

“कोर्टात काम होतं,” ती म्हणाली, आणि मळके कोट उचलून निघाली.