अक्काने बांधलेले बाण

इचलकरंजीला आमची एकच खोली होती आणि राहणारी माणसं सहा. वडील मागावर, आई अंथरुणाला खिळलेली. म्हणून थोरल्या अक्काला चौथीतून काढून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसवलं. मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण ती पदवी अक्काच्या बोटांनी मिळवली. ही बोटं कधी स्वस्थ नसायची. बोलतानासुद्धा तिचा अंगठा आणि तर्जनी हवेत सूत गुंडाळत असायची.

गेल्या वर्षी तिला तीन महिन्यांसाठी माझ्याकडे टोकियोत, फुनाबोरीला आणलं. मी तेव्हा जवळच्या क्रीडाकेंद्रात धनुष्यबाण शिकत होते. आपले बाण ओळखू यावेत म्हणून तिथे प्रत्येकजण पिसांखाली रंगीत पट्टे करून घेतो. दुकानात ते काम महाग. अक्काने माझे चार कोरे बाण हातात फिरवून पाहिले.

"सुमे, ह्या काडीला दोरा गुंडाळायला दुकान कशाला लागतंय गं?"

शंभर येनच्या दुकानातून शिवणाचे दोरे, कागदी रंगीत टेप आणि नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश आणलं. पहिले बाण देखणे झाले, पण पॉलिशचे इतके थर, की बाण शेपटीला जड होऊन डुलत डुलत लक्ष्याखालच्या वाळूत गेले. मी हसले. अक्का हसली नाही. "कांडी जड झाली की मागावर पळणारा धोटा अडतोय. चूक माझीच." तिने चारही बाण खरवडून काढले. मग वेढे मोजत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलत पुन्हा बांधले. लाल, हळदी, मोरपंखी. दोरा कुठे सुरू झाला नि कुठे संपला, शोधून सापडेना. आमच्या शिक्षिका, सेनसेई, बाण डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

दिवाळीत हिगाशी-कसाईच्या हॉलमध्ये मराठी मंडळींनी हस्तकलेचं प्रदर्शन भरवलं. मी बाण दिले, अक्काचं नाव लिहून दिलं. अक्काला घेऊन जाऊन बघते तर चिठ्ठीवर माझं नाव, पुढे बी. ई.! मांडणी करणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अगं, इंजिनिअरचा छंद म्हटलं की लोक थांबून बघतात. त्या काय, तुझ्याकडे कामाला आल्यात ना?"

"बहीण आहे माझी."

"मग तर झालंच! घरातलंच आहे सगळं."

माझं डोकं सणकलं. ही शिकलेली माणसं! साडी विणणाऱ्याचं नाव कुणी साडीवर लिहीत नाही, हे आम्ही मागाच्या गावात जन्मभर पाहिलं. इतक्या लांब येऊनही तेच?

त्याहून वाईट म्हणजे अक्काच पदर सारखा करत म्हणाली, "असू दे की. तुझं नाव झ्याक दिसतंय." ही सवय तिला कुणी लावली? कॉलेजात कुणी विचारलं तर मीच सांगायचे, बहीण घरीच असते.

मी चिठ्ठी फाडली.

"अगं, सगळ्यांसमोर तमाशा कशाला?"

"लावलीत सगळ्यांसमोर, वहिनी. बदलणारही सगळ्यांसमोरच."

नवी चिठ्ठी मी मोठ्या अक्षरात लिहिली. दुपारपर्यंत अक्का टेबलामागे उभी राहून जेवायच्या काडीवर लोकांना वेढे शिकवत होती. "दोरा ताणून धरा, पर काडीला फास न्हाई लावायचा!"

परत जाण्याआधीच्या शनिवारी सेनसेईंनी तिला वर्गात बोलावलं. मी दुभाषी. एका आजोबांचे वेढे चुकले तेव्हा तिने त्यांच्या हातातून बाण काढून घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. आजोबा वाकून, जपानीत होकार देत, "हाय, हाय" म्हणत राहिले. विमानतळावर ती रडली नाही, मी रडले.

आता आमच्या वर्गात बाण घरीच बांधतात, अक्काच्या पद्धतीने. कृतीचा कागद भिंतीवर आहे. त्यावर शिकवणारीचं नाव जपानीत आणि मराठीत लिहिलं आहे: शकुंतला दत्तू माळी.