फळ्यावरचा एक नंबर

शेलूबाजारच्या स्टँडवर जीपांचे नंबर लावणारा माणूस मला रोज भेटतो. कोणती जीप कधी सुटणार ते फळ्यावर खडूनं लिहायचं आणि शिट्टी वाजवायची, एवढंच त्याचं काम. पण धावपट्टीवर विमानाला विमान धडकल्याची बातमी आली, की तो एकटाच चौकशी समिती होतो.

"गुरुजी, पायलटले कायले धरता? टावरवाल्यानंच दोघायले एका वक्ती हो म्हटलं असन. पयले रेकॉर्ड जप्त करा!" प्रत्येक वाक्याला तो माझ्या खांद्यावर खडू टेकवतो. माझे सगळे सदरे त्या खांद्याला पांढरे आहेत.

परवा या व्याख्यानाच्या भरात त्यानं दोन जीपांपुढे एकच नंबर लिहिला आणि शिट्टी फुंकली. दोन्ही एकदम निघाल्या आणि फाटकात एकमेकींवर आदळल्या. कोणाला लागलं नाही, पण दोन्ही ड्रायव्हर ओरडत उतरले, "एक नंबर माहा होता, फळा पाहा!"

सगळे फळ्याकडे वळले. त्यानं तो दुपट्ट्यानं केव्हाच लख्ख पुसला होता.

"गुरुजी," माझ्या खांद्यावर खडू टेकवत तो म्हणाला, "पायलटच अडाणी हायेत."