सरबताची हळद

आमच्या घरात रक्त न सांडता हळद लागल्याचं मला आठवत नाही. माझ्या स्वतःच्या हळदीला चुलत्याने मेव्हण्याच्या डोक्यात पाट घातला होता. थोरल्या भाचीच्या हळदीला तिचे वडील, म्हणजे माझे भावजी, बेंजोवाल्याची मान धरून त्याच्यासकट मांडवाबाहेरच्या चरात पडले. बेंजोवाला उठला, भावजी सकाळपर्यंत तिथेच. थोरलीला बापाच्या हातची हळद लागली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशी सगळे दरवेळी एकच म्हणायचे, दारूने केलं. दारू बिचारी कधी उलटून बोलली नाही.

धाकट्या भाचीने म्हणूनच आधी सांगून टाकलं होतं. पहिली हळद बाबा लावतील, शुद्धीत लावतील, नाहीतर मी पाटावर बसणार नाही. भावजींनी दिवाळीपासून थेंब घेतला नव्हता. तरी रात्रीचा मांडव म्हटला की बाटल्या कुठून उगवतात ते कुणालाच कळत नाही, म्हणून माझ्या बहिणीने दाभोशाच्या घराच्या अंगणात भर दुपारी हळद ठेवली. कोकम सरबताचं पिंप, ताकाची कळशी आणि जव्हारहून जीपने आणलेले गोटी सोड्याचे क्रेट. उन्हात, पोटात नुसतं ताक घालून नाचायचं कसं, असं भावजींच्या धाकट्या भावाने मला अगदी कळकळीने विचारलं.

भावजींची काळजी वेगळीच होती. मला गोठ्यामागे नेऊन ते म्हणाले, "मला सरबताची भीती नाय. दुसऱ्याच्या तोंडाचा वास आला ना, तर बाटलीकडे जाणारा माझा हात थांबायचा नाय."

हे ऐकून बहिणीने मला मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड हुंगायचं, हे माझं काम. खानदानात न पिणारा मी एकटाच. त्यात माझा मोठेपणा काही नाही, एका घोटात मला ओकारी होते, एवढंच. पण तहसीलमध्ये कारकून असल्यामुळे माणसांना दारात अडवण्याचा सराव मात्र दांडगा.

घरचे लोक हसत हसत आ करून गेले. घोटाळा झाला तो नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन मोखाड्याची माणसं आली तेव्हा. पुढे मुलाचा काका. भिवंडीत हमाली करून करून मान खांद्यात गेलेला. मी नम्रपणे विनंती केली. त्यानेही बिचाऱ्याने तोंड उघडलं. कसला तरी उग्र, औषधी वास आला. खोकल्याचं औषध आहे, तो म्हणाला. इथे एखादा शहाणा बाजूला झाला असता. मी चष्मा सावरून पुन्हा एकदा, जरा जवळून हुंगलं.

"सूंघ," तो म्हणाला. "नीट सूंघ."

आणि त्याने ठेवून दिली. चष्मा पिंपात पडला. मी काहीतरी कार्यालयीन बोलायला गेलो, तेवढ्यात दुसरी नाकावर बसली. आत काहीतरी करकन वाजलं आणि पांढऱ्या शर्टावर लाल धार लागली. मला आधी वाटलं कोकमच सांडलं.

भावजींचा धाकटा भाऊ माझ्या अंगावरून उडी मारून काकावर पडला. काकाच्या दुसऱ्या एका पुतण्याने सोड्याची बाटली खांबावर फोडली आणि उरलेला तुकडा धाकट्याच्या दंडात फिरवला. मांस उघडं पडलेलं मला चष्म्याशिवायही दिसलं. मग क्रेटच आडवे झाले. आजवरच्या मारामाऱ्यांत निम्मे फटके हवेत जायचे, निम्मे खांबाला लागायचे. ताक प्यायलेला माणूस नेम धरून मारतो. एकाचे पुढचे दोन दात खुर्चीच्या पायाने गेले. एकाला तिघांनी चुलाणाकडे ओढत नेलं, बायकांनी जळकी लाकडं उगारली म्हणून तो वाचला. कुणी ओरडत नव्हतं. नुसता काचा फुटण्याचा, हाडावर लाकूड बसण्याचा आवाज. शुद्धीवरची माणसं इतकी गप्प मारतात हे मला ठाऊक नव्हतं.

या सगळ्यात भावजी पाटाजवळ हळदीचं ताट घेऊन उभे होते. भाऊ रक्ताने न्हाला होता आणि ते हलत नव्हते. मी सरपटत तिथवर गेलो, तर त्यांच्या पायाची बोटं मातीत रुतलेली दिसली. तेवढ्यात एक भरली बाटली येऊन त्यांच्या कपाळावर फुटली. ते गुडघ्यावर आले. ताट मात्र सरळ.

मारामारी थांबली ती त्यामुळे. मोखाड्याकडचा कुणीतरी म्हणाला, "बापच पिऊन आलाय, बघा कसा डुलतोय." काकाने ताबडतोब आपली माणसं गोळा करायला सुरुवात केली. पिणाऱ्याच्या घरची मुलगी आम्हाला नको, हळद घेऊन परत चला. बहीण माझ्याकडे धावली. दादा, तू वास घेऊन सांग ना सगळ्यांना. मी पुढे झालोही. पण माझ्या नाकात थोरल्या भाचीच्या ओढणीचा बोळा होता आणि त्या नाकाला या क्षणी गोठाही कळला नसता.

धाकटी भाची पाटावरून उठली. बापाला हात दिला नाही, सरळ काकासमोर गेली.

"मामाने तुमचं तोंड हुंगलं, ते चुकलंच. आता तुम्ही माझ्या बाबांचं हुंगा. वास आला तर हळद घेऊन जा."

काका पुढे आला. मग भावजींसमोर बसला. भावजींनी डोळे मिटून आ केला. कपाळावरचं रक्त ओठांवरून आत जात होतं. काकाने वास घेतला. मी घेतला होता तसाच, पुन्हा एकदा, जवळून.

"कोकम हाय," तो म्हणाला. मग बहिणीकडे बघून, "साखर कमी पडली, येहीणबाई."

त्याने आपल्या गळ्यातला गमछा काढून भावजींच्या कपाळावर दाबून धरला, कारण भावजींचे दोन्ही हात ताटाला होते. भाची पाटावर बसली. भावजींनी बोटं हळदीत बुडवली आणि तिच्या गालाला लावली. बोटांवर कपाळाचं रक्त ओघळलं होतं. गालावर पिवळ्यात थोडं लाल उतरलं. बहिणीने पदर पुढे केला, तर भाची म्हणाली, राहू दे.