अनसिंगमार्गे साठ ट्रक

अनसिंगचा देवमन फौजेत हवालदार कारकून होता. उत्तरेकडच्या एका ब्रिगेडच्या मुख्यालयात त्याचं टेबल दोन मेजरांच्या मधोमध होतं. डावीकडचे लढाईची योजना आखत, उजवीकडचे रसद पुरवत. दोघेही हुशार, पण कोणाच्या खुर्चीला हात असावेत यावरून त्यांनी दोन वर्षं अबोला धरलेला.

“त्या गाढवाला सांग, साठ ट्रक हवेत,” डावे म्हणत.

देवमन मान उजवीकडे वळवी. “साहेब नमस्कार म्हणतात. साठ ट्रक जमतील का, विचारतात.”

असं सगळं सुरळीत चालायचं.

१९७४च्या मे महिन्यात तो रजेवर गावी आला. चौथ्याच दिवशी पोस्टमन खेमा सायकल हाणत दारात. तार! देवमनच्या बायकोनं, केशरबाईनं, आधी रडूनच घेतलं. मग देवमननं वाचलं. डाव्या मेजरांची होती: ‘सोमवारी युद्धसराव. शेजारच्याला सांग, साठ ट्रक.’

“शेजारचा म्हंजे कोन?” खेमानं विचारलं.

“बाजूच्या खुर्चीतला साहेब.”

“मंग थेट त्यालेच काहून नाई सांगत?”

“बोलत नाईत ना ते!”

देवमननं पोस्टात जाऊन उजव्या मेजरांना नम्र तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘मूर्खाला सांग, चाळीसच.’

दोन दिवस तारा येत-जात राहिल्या. सगळ्या गावाला ब्रिगेडची चिंता लागली. बांधाची भांडणं मिटवणारे माणिकराव म्हणाले, “पन्नासावर आना त्यायले.”

“अन् दोघायलेबी सांगा,” केशरबाई म्हणाली, “का पह्यली माघार समोरच्यानं घेतली.”

देवमननं तसंच कळवलं. दोघेही विजयी झाले. पन्नास ट्रकांत सराव उत्तम पार पडला. खूश झालेल्या ब्रिगेडियर साहेबांनी तारेनं कळवलं: ‘तू नसताना मुख्यालयाचं काम सुधारलं. रजा महिनाभर वाढवली.’

देवमनला पहिल्यांदाच वाईट वाटलं. दोन वर्षं मान वळवून वळवून दुखवली, ती कशासाठी? दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी खेमा पुन्हा आला. या तारेखाली दोन्ही मेजरांची नावं होती: ‘ब्रिगेडियरशी आम्ही दोघंही बोलत नाही. त्यांना समजाव.’

देवमननं पेटी भरायला घेतली.

“आता कायले जाता?” केशरबाईनं विचारलं. “इथूनच करा ना तार.”

“नाई वं,” तो पहिल्यांदाच हसत म्हणाला, “आता तिघं झाले. समोर बसा लागते.”