इटलीत मी शिजवलेला भात

मी इटलीला जाऊन आले, हे आपणहून कुणाला सांगत नाही. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. जावई तिथं समुद्रकाठच्या एका खानावळीत स्वयंपाकी, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे अक्कल अजून यायची होती.

गाव कसलं, वाळूची पट्टी. तिच्यावर एका रंगाच्या छत्र्या, रोप लावल्यागत ओळीनं. खाली तेल चोपडून पडलेली माणसं, पापड वाळत घातल्यासारखी. पूर्वी म्हणे ही कोळ्यांची वस्ती. मग शहरातला कुणी श्रीमंत हवापालटाला आला, बंगला बांधला, मागून हॉटेलं आली आणि कोळ्यांनी जाळी भिंतीवर शोभेला टांगली. जावई हे कौतुकानं सांगायचा. आमचं जुनं सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेलं, यांचं खुर्च्यांखाली. आम्हाला निदान कुणी विचारलं नव्हतं. यांनी हौसेनं दिलं.

खाणं तर त्याहून दळभद्री. खारवलेले इवले मासे, ताटलीत मोजून तीन. शिंपल्यांना ना खोबरं, ना तिरफळ. आणि भात कच्चा. तो तसाच खायचा असतो, असं लेक म्हणाली. मी मनात म्हटलं, आळशांची पोट भरायची रीत.

त्या आठवड्यात मालकीण मोठा स्वयंपाकी ठरवणार होती, जावई नाहीतर दुसरा एक जण. जावयाला काम मिळालं तर बिऱ्हाड राहणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा. परीक्षेला त्यानं माशाच्या रसातला भात केला, पातेलं उतरवलं आणि सदरा बदलायला वर गेला. जाताना म्हणाला, "मामी, लक्ष ठेवा. हात लावू नका."

मी शीत दाबून बघितलं. आत पांढरा कण. आमच्याकडं असला भात पाहुण्याला वाढला तर घरच्या बाईची शोभा होते. दोन तांबे कढत पाणी ओतलं, पातेलं परत शेगडीवर चढवलं, झाकण घातलं, जाळ मोठा केला. जावयाची अब्रू राखली म्हणून छाती फुगली माझी.

मालकिणीनं चमचा खुपसला, तो उभाच राहिला. तिनं काहीतरी विचारलं. जावयानं पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून दोन शब्द बोलला. आता बघा माझी अक्कल. मला वाटलं, माझ्या भाताचं श्रेय लाटतोय. रागानं मी मालकिणीला आणखी एक डाव वाढला.

काम दुसऱ्याला मिळालं. परतीच्या विमानात लेक पोराला थोपटत म्हणाली, "आई, तिनं विचारलं, घरात कोण आजारी हाय का? आन ह्यांनी सांगितलं, मीच केला भात."

तिथून पुढं सगळा वेळ मी झोपेचं सोंग घेतलं.

जावई आता आमच्या धरणाखालच्या गणेशगुडीत नदीवर भिजायला येणाऱ्यांसाठी रांधतो. त्या दिवसाबद्दल एक अक्षर कधी बोलला नाही. त्या गावाला मी आजही नावं ठेवते, पण तो घरात नसताना.